चार रात्री, एक शहर

मित्रांच्या ग्रुपवर परदेशवारीची चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न येतो, 'तिकीट कितीला पडतंय?' आणि पाठोपाठ दुसरा, 'मग तेवढ्यात काय काय बघून होईल?' पहिला प्रश्न रास्त आहे. सहल महाग होते ती दुसऱ्यामुळे. चार-पाच दिवसांच्या, बेताच्या खर्चातल्या परदेशवारीत पैसा वाचतो तो सगळ्यात स्वस्त हॉटेल हुडकून किंवा एक वेळचं जेवण सोबत नेलेल्या थेपल्यांवर भागवून नव्हे. तो वाचतो मुक्काम एकाच ठिकाणी ठेवून. 'एवढं लांब आलोच आहोत तर तेही उरकून घेऊ' हा आपल्याकडे प्रवासाचा अलिखित नियम आहे, आणि आठवडाभरात तीन देश दाखवणाऱ्या जाहिराती त्याच नियमावर पोसल्या जातात. त्यामुळे हे म्हणणं पटवायला थोडा हिशेब मांडावा लागतो. त्यासाठी बँकॉकचं उदाहरण सोयीचं आहे.

मुंबईहून बँकॉक साधारण सव्वाचार-साडेचार तासांवर आहे. पुण्याहूनही थेट विमानं सुरू झाली आहेत. नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढण्यातून सूट दिली. तिच्या मुदती आणि अटी मात्र बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशीच थाई दूतावासाचं संकेतस्थळ उघडून पाहावं, मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मावसभावाच्या भरवशावर राहू नये. १ मे २०२५ पासून तिथे डिजिटल आगमन-पत्रही भरावं लागतं. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरता येतं आणि सरकारी संकेतस्थळावर त्याला एक रुपयाही पडत नाही. जी साइट त्यासाठी पैसे मागते ती सरकारी नव्हे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता हिशेब. परदेशवारीचा खर्च दोन तऱ्हेचा असतो. विमानभाडं, विमा, विमानतळावर जाण्या-येण्याचं भाडं, लागत असेल तिथे व्हिसा, हा खर्च तुम्ही दोन दिवस राहा की दहा, तेवढाच. खोली, जेवणखाण, शहरातली वाहतूक, प्रवेश-शुल्क हा दिवसागणिक वाढणारा. समजा, पहिला खर्च माणशी २५,००० रुपये आणि दुसरा रोजचा ४,००० रुपये आहे. चार रात्रींची सहल ४१,००० रुपयांना पडली. पण या 'चार रात्री, पाच दिवसां'त हाती काय लागतं? स्वस्त विमानं बहुतेक रात्री-अपरात्रीची. मध्यरात्री मुंबईतून निघायचं, पहाटे उतरायचं, आणि खोली मिळते दुपारी दोनला. पहिला दिवस जांभया देण्यात जातो, शेवटचा सामान आवरून विमानतळाची वाट धरण्यात. फिरायला पूर्ण दिवस उरतात तीन. म्हणजे एक दिवस साधारण १३,७०० रुपयांना पडला. आणखी एक रात्र राहिलात, तर खर्च ४५,००० होतो, पण फिरायचे दिवस होतात चार आणि दिवसाचा भाव ११,२५० वर येतो. वाढलेले चार हजार रुपये ही सबंध सहलीतली सगळ्यात स्वस्त खरेदी आहे. आणि नेमकी तीच, 'एक रजा जास्त जाते' म्हणून सोडून दिली जाते.

याच्या शेजारी फुकेत ठेवून पाहा. ग्रुपमधला एक जण म्हणतो, बँकॉकहून फुकेत विमानाने दीड तासाच्या आत, मग दोन रात्री तिकडे टाकू. विमान दीड तासाचं असतं, दिवस मात्र दीड तासाने कमी होत नाही. सकाळी खोली सोडायची, सामान कोपऱ्यात टाकून रेंगाळायचं, तास-दीड तास आधी विमानतळावर पोहोचायचं, उतरून पुन्हा टॅक्सी, पुन्हा हॉटेलच्या काउंटरवर पासपोर्टच्या झेरॉक्स. सहा-सात तास सहज जातात. बँकॉकला विमानतळ दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, आणि ते शहराच्या वेगवेगळ्या बाजूंना आहेत. स्वस्त देशांतर्गत विमानं बऱ्याचदा डॉन मुआंगहून सुटतात. परतीचं मुंबईचं विमान सुवर्णभूमीहून असलं, तर मध्ये आणखी एक टॅक्सी आणि आणखी धाकधूक. त्यातून स्वस्त विमान कंपन्या हातातल्या सामानाला सहसा सात किलोची मर्यादा घालतात, वरच्या किलोंचे पैसे वेगळे. या सगळ्याला माणशी सहा हजार रुपये धरले तर चार रात्रींच्या सहलीचा खर्च ४७,००० होतो आणि फिरायचे दिवस तिनाचे अडीचवर येतात. दिवसाचा भाव गेला १८,८०० रुपयांवर. वरच्या उदाहरणातली आकडेमोड आपापल्या तिकिटाप्रमाणे बदलून घ्यावी, पण तिची दिशा बदलणार नाही. रात्र वाढवली की दिवस स्वस्त होतो, शहर वाढवलं की महाग. पट्टायाला विमान लागत नाही म्हणून तो हिशेबातून सुटतो, असंही नाही. दीडेकशे किलोमीटरचा रस्ता बँकॉकच्या रहदारीतून सुरू होतो, आणि तिथे दोन तास म्हणजे किती हे ट्रॅफिक ठरवतं.

एकाच शहरात चार दिवस करायचं काय, ही शंका बँकॉकबद्दल तरी टिकत नाही. तिथली स्वस्त मौज वेळ असलेल्यालाच मिळते. चाओ फ्राया नदीवर केशरी झेंड्याची प्रवासी होडी चालते, तिचं भाडं सोळा बाहटच्या आसपास. बाहट अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान धरा. सातोर्न धक्क्यावर चढायचं, तिकीट देणारी बाई हातातली धातूची नळी खुळखुळवत गर्दीतून येते, धक्का जवळ आला की मागे उभा असलेला माणूस शिट्ट्या घालून होडी लावून घेतो, आणि दोन्ही तीरांवर देवळं, गोदामं, पंचतारांकित हॉटेलं एकापाठोपाठ सरकत राहतात. घाईतल्या ग्रुपला याच नदीवर रात्रीची जेवणाची क्रूझ विकली जाते, कित्येक पट दराने. राजवाड्याला ५०० बाहट मोजावे लागतात. ते मोजायचे तर सकाळी लवकर, खांदे-गुडघे झाकणारे कपडे घालून जावं. बाहेर कुणी आपुलकीने सांगितलं की 'आज राजवाडा बंद आहे, चला दुसरं देऊळ दाखवतो', तर हसून पुढे चालू लागावं, कारण तो रस्ता रत्नांच्या दुकानात संपतो. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर वाट फो आहे, तिथे ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे, आणि लगतच्या धक्क्यावरून नदी ओलांडली की वाट अरुण. लुंफिनी बागेला तर तिकीटच नाही. तळ्याकाठी लांबलचक घोरपडी बिनधास्त ऊन खात पडलेल्या असतात. सिंहगडाच्या गोष्टीपलीकडे घोरपड न पाहिलेल्या मंडळींची तासाभराची करमणूक होते.

शहराबाहेर पडायची हौसही मुक्काम न हलवता भागते. अयुथ्या ही थायलंडची जुनी राजधानी बँकॉकच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर आहे. १३५० मध्ये वसलेलं हे नगर १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केलं, आणि १९९१ पासून त्याचे अवशेष युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. तिसऱ्या वर्गाची साधी गाडी वीस बाहटच्या आसपास घेते. पंखे, उघड्या खिडक्या, बाहेर भातशेतं. गावात भाड्याची सायकल घेऊन भग्न विहारांमधून हिंडायचं. वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं मस्तक आहे. त्याच्याशेजारी फोटो काढताना आपलं डोकं त्याच्यापेक्षा वर जाऊ नये म्हणून खाली बसावं लागतं. संध्याकाळी परत त्याच खोलीत. बॅग उचलायची नाही, दुसरं भाडं नाही.

'पुन्हा कधी जाणं होणार? जमेल तेवढं बघून घेतलेलं बरं', हा आक्षेप सगळ्यात जुना आणि सगळ्यात भावनिक. आईवडिलांच्या पिढीला परदेश आयुष्यात एकदाच घडायचा, तेव्हा त्यात तथ्य होतं. पंचविशी-तिशीतल्या, दहा वर्षांचा पासपोर्ट हाती असलेल्या माणसाला ते लागू होत नाही. त्याला फुकेत पुढच्या खेपेला ठेवता येतं. आणि ज्याला समुद्रच हवा आहे त्याने बँकॉकचा आग्रह धरूच नये. मुंबईहून फुकेतला थेट विमानं जातात, चारही रात्री तिथेच काढाव्यात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पॅकेज घेतलं तर दोन शहरं मिळूनही स्वस्त पडतं, मग ही डोकेफोड कशाला? कंपनीला घाऊक दरात खोल्या मिळतात, हे खरं. वयस्कर मंडळी सोबत असतील, कुणाला ऑनलाइन बुकिंगची भीती वाटत असेल, तर पॅकेजच घ्यावं, त्यात कमीपणा नाही. पण किंमत पाहताना पॅकेजमध्ये काय नाही ते वाचावं. दुपारची जेवणं, प्रवेश-शुल्क, 'ऐच्छिक' म्हणून लावलेले कार्यक्रम पुष्कळदा बाहेर असतात, आणि बस रत्नांच्या नि चामड्याच्या शोरूमपाशी तासभर थांबते तो तास तुमच्याच रजेतला असतो. परदेशी पॅकेजवर टीसीएस हा आगाऊ करही कापला जातो. तो विवरणपत्र भरताना जमेस धरता येतो, पण तोवर पैसे अडकतात.

एका मुक्कामाचा सर्वांत मोठा फायदा मात्र पैशाचा नाहीच. तो मित्रांचा आहे. चार जण शाळेपासूनचे जिवलग असले तरी एकाला सहाला उठून देवळं बघायची असतात, दुसऱ्याची पहाट अकराला होते, तिसऱ्याला चातुचाकच्या शनिवार-रविवारच्या बाजारात दिवस घालवायचा असतो. रोज शहर बदलणाऱ्या सहलीत चौघांनाही एकाच वेळी उठावं, आवरावं आणि हलावं लागतं, म्हणून प्रत्येक सकाळी कुणीतरी कुणावर तरी चिडलेलं असतं. खोली एकाच जागी असली की सकाळी फुटून संध्याकाळी जेवायला एकत्र येता येतं. खाण्याचंही तसंच. शाकाहारी मित्राला पहिल्या दिवशी शोधाशोध करावी लागते, कारण भाजीतही माशांचा सॉस, म्हणजे नाम प्ला, असतो. तांबड्या अक्षरांचा पिवळा झेंडा लावलेली 'जे' पद्धतीची शाकाहारी टपरी एकदा सापडली, की पुढचे तीन दिवस त्याचा प्रश्न मिटतो. गाव बदललं की शोध पुन्हा पहिल्यापासून.

पैशाची बोलणी मात्र तिकीट काढण्याआधीच, आणि स्पष्ट झाली पाहिजेत. मैत्रीत हिशेब कसला, असं म्हणणाराच परतल्यावर महिनाभर कुणाकडून किती यायचे ते मनात घोळवत असतो. विमानाचं तिकीट आणि खरेदी टीटीएमएम, तर खोली, टॅक्सी आणि एकत्र जेवण सामाईक वर्गणीतून, ही विभागणी सोयीची पडते. वर्गणी एकाच्याच हाती असावी. बारभाईंचा कारभार झाला की दोनदा टिप दिली जाते आणि बिल कुणीच बघत नाही. चारची संख्या उत्तम, एक टॅक्सी आणि दोन खोल्या. पाचवा आला की बहुधा दुसरी टॅक्सी आणि तिसरी खोली आली. ऐनवेळी कुणी गळालं तर त्याच्या वाट्याचं खोलीभाडं त्यानेच सोसायचं, हे आधी ठरवावं. नंतर ते मागताना जीभ रेटत नाही.

चलनातही एक देश, एक मुक्काम हेच सोयीचं. थायलंडमधली एटीएम परदेशी कार्डावर दर खेपेला दोनशे बाहटच्या वर शुल्क घेतात, म्हणून चौघांनी चार वेळा हजार-हजार काढण्यापेक्षा वर्गणीवाल्याने एकदाच काढावेत. दुकानातल्या यंत्राने 'रुपयांत की बाहटमध्ये?' विचारलं तर बाहट म्हणावं. रुपयांचा पर्याय आपुलकीचा वाटतो, पण त्यात विनिमयाचा दर दुकानदाराच्या बँकेचा असतो. विमा टाळू नये. भाड्याची स्कूटर मात्र टाळावी, किंवा निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. परवान्याशिवाय पडलात तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

हीच मांडणी काठमांडू, हनोई किंवा क्वालालंपूरला लावता येते. काठमांडूला तर पासपोर्टही लागत नाही. निवडणूक ओळखपत्र चालतं, पण विमानाने जाताना आधार कार्ड चालत नाही, आणि पुष्कळ जण नेमके आधार घेऊनच विमानतळावर पोहोचतात. नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून आपल्या एका रुपयाला १.६० असा बांधलेला आहे, त्यामुळे वर्गणीचा हिशेब तोंडी होतो. दोन देश जोडण्याचा मोह झालाच, तर जुलै २०२५ आठवावा. थायलंड आणि कंबोडियाच्या सीमेवर चकमकी झाल्या, जमिनीवरची नाकी बंद पडली, आणि बसने अंकोर वाट गाठण्याचे बेत जागच्या जागी राहिले.

तेव्हा ग्रुपवर पुढची हॉटेलची लिंक टाकण्याआधी चौघांनाही तीन गोष्टी विचारा. पासपोर्टला परतीच्या तारखेनंतर सहा महिने शिल्लक आहेत का, कोणत्या तारखांची रजा नक्की मंजूर आहे, आणि जास्तीत जास्त किती रुपये घालायची तयारी आहे. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवा. आपल्याकडे पासपोर्टवर पहिल्या नावाला वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं आणि घोळ तिथेच होतो. चौघांची उत्तरं आली की एकच शहर निवडा आणि परवडत असेल तर एक रात्र जास्त घ्या.