जळिताच्या रानाची निगा



उसाला आग लागली की सगळी धावपळ जळका ऊस गाळपाला लवकर जावा म्हणून होते. ते बरोबरच आहे. जळक्या उसाचे वजन व साखर दिवसागणिक घटते. पण ऊस गेल्यावर मागे राहिलेल्या रानाकडे कोणी बघत नाही. काही जण तर तोडणीनंतर पाचटाला स्वतःच काडी लावतात. नुकसान दोन्हीकडे होते.

एकरी साधारण ३ ते ४ टन पाचट निघते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र, म्हणजे १५ ते २० किलो. जवळजवळ एक पोते युरियाच म्हणा ना! जाळल्यावर त्यातले बहुतेक नत्र धुरावाटे जाते, शिवाय एक टनावर सेंद्रिय कर्ब जातो. स्फुरद-पालाश राखेत उरते, पण वारा सुटला की तेही शेजाऱ्याच्या बांधावर. वरच्या थरातले जिवाणू होरपळतात ते वेगळेच.

अशा रानात पुढीलप्रमाणे कामे करावीत :

१) राख उडण्याआधी ती पातळ पसरून हलके पाणी द्यावे. चुनखडीच्या रानात राखेचे ढीग तसेच राहिले तर तिथला ऊस केवड्याने पिवळा पडतो.

२) खोडवा ठेवायचा असल्यास बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. नांग्या रोपांनी भराव्यात.

३) राखेवर युरिया फोकू नये, नत्र हवेत उडते. वाफशावर, मातीआड करूनच द्यावा.

४) कुजलेले शेणखत, कंपोस्ट किंवा प्रेसमड टाकावे. शेजारच्या फडातले न जळालेले पाचट मिळाल्यास सरीत पसरावे. दर टनास ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून लगेच पाणी द्यावे.

५) खोडवा मोडायचा असल्यास ताग किंवा धैंचा पेरून ४५ ते ५० दिवसांनी, फुलोऱ्यावर येताच गाडावा.

जमिनीचा गेलेला कस एका हंगामात भरून येत नाही, तेव्हा दोन-तीन वर्षे तरी पाचट रानातच कुजवावे. पुढील लागणीपूर्वी माती तपासून घ्यावी. नमुना कसा घ्यायचा हे आपल्या गटातील शेती कर्मचाऱ्यास विचारावे.

— ऊस विकास अधिकारी