खडकांकडे वळलेला कॅमेरा

हैदराबाद म्हटले की चारमिनार, गोवळकोंडा आणि बिर्याणी डोळ्यांसमोर येते. पर्यटकांच्या मोबाइलमध्येही हीच छायाचित्रे साठतात. या शहराची सर्वांत जुनी ओळख मात्र वस्तीच्या मधोमध, रस्त्याच्या वळणावर, इमारतींच्या कुंपणांना खेटून उभी आहे. एकावर एक रचून ठेवल्यासारख्या दिसणाऱ्या ग्रॅनाइटच्या या शिळांचे वय सुमारे अडीच अब्ज वर्षे आहे. रोज त्यांच्या शेजारून कामावर जाणाऱ्यांचे त्यांच्याकडे लक्ष जात नाही. गेलेच तर बांधकामातील अडथळा म्हणून. अलीकडच्या काळात त्यांच्याकडे पाहण्याची सवय लावली ती मुख्यतः हौशी छायाचित्रकारांनी, चित्रकारांनी आणि भटक्यांनी.

या शिळा कोणी रचलेल्या नाहीत. जमिनीखाली खोलवर शिलारस थंड होऊन ग्रॅनाइट बनला. वरचे थर झिजत गेले, तो उघडा पडला आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा गेल्या. भेगांत पाणी मुरले, कोपरे आधी झिजले आणि चौकोनी ठोकळ्यांचे गोलसर धोंडे झाले. भोवतीची भुसभुशीत माती वाहून गेली तेव्हा ते होते तिथेच, एकमेकांच्या डोक्यावर उरले. एवढे ठाऊक असले की कॅमेरा हाती घेतलेल्याची नजर बदलते. ‘किती मोठा दगड’ एवढ्यावर तो थांबत नाही. मूळची भेग कुठून गेली असेल, हे तो शोधू लागतो.

भर दुपारी हा दगड निर्जीव, पांढुरका दिसतो. सकाळच्या पहिल्या तासात किंवा सूर्य कलल्यावर प्रकाश तिरपा पडतो; प्रत्येक खळगा, प्रत्येक पापुद्रा सावली टाकतो आणि खडकातली गुलाबी छटा वर येते. पावसात भिजलेली शिळा तर ओळखूही येत नाही. यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. मोबाइलच्या पडद्यावर उजळ भागावर बोट टेकून प्रकाश थोडा कमी केला की दगडाचा पोत उमटतो. चित्र मोठे करण्यासाठी बोटांनी ताणण्यापेक्षा चार पावले पुढे जाणे केव्हाही चांगले. चौकटीत एखादी रिक्षा किंवा माणूस आला तर येऊ द्यावा. त्याशिवाय शिळेची उंची कळत नाही.

हौस म्हणून सुरू झालेल्या छायाचित्रणाचे हैदराबादशी जुने नाते आहे. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ मुळात अभियांत्रिकी शिकलेले. इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते. 1874च्या सुमारास त्यांनी छंद म्हणून कॅमेरा हाती घेतला. पुढे नोकरी सुटली, सिकंदराबादला स्टुडिओ उभा राहिला आणि सहाव्या निजामाने त्यांना ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. त्यांच्या 2,857 काच-निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. राजवाडे, शिकारी, मेजवान्या हे त्यांचे मुख्य विषय, कारण दरबाराला तेच हवे होते. हौशी माणसाला गिऱ्हाईक नसते. एकाच धोंड्यापाशी तो वर्षभर जाऊ शकतो, आणि ही चैन दीनदयाळांनाही बहुधा परवडली नसती.

मात्र वर्षभराने तो धोंडा तिथे असेलच, याची खात्री नाही. पश्चिम हैदराबादेत माहिती-तंत्रज्ञानाच्या इमारती वाढल्या तशा कितीतरी शिळा सुरुंगांनी फुटल्या. खडी आणि फरशी म्हणूनही त्यांना मागणी आहेच. 1996 साली येथे ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ स्थापन झाली. संस्थेचे सदस्य लोकांना खडकांच्या भ्रमंतीला नेतात. त्यांच्या पाठपुराव्याने काही शिळांना वारसा-यादीत जागा मिळाली. अर्थात, यादीबाहेर राहिलेल्यांची संख्या कितीतरी मोठी आहे.

2025च्या वसंतात हैदराबाद विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावली येथील सुमारे 400 एकर जमिनीवर यंत्रे फिरू लागली. भूछत्रासारखी प्रसिद्ध ‘मशरूम रॉक’ याच परिसरातली. विद्यार्थ्यांनी टिपलेली दृश्ये देशभर पोहोचली. सर्वोच्च न्यायालयाने पाहणीचा अहवाल मागवला आणि 3 एप्रिलला वृक्षतोड थांबवण्याचा आदेश दिला. त्याच दिवसांत कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रेही खरी म्हणून पसरली. खोटी चित्रे फिरत असल्याकडे बोट दाखवायला सरकारला त्यामुळे आयतीच संधी मिळाली आणि खऱ्या चित्रांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. सुंदर दिसावे म्हणून चित्रात भर घालणाऱ्या उत्साही मंडळींनी हे नुकसान मोजलेले नाही.

गोव्यातील जांभ्याचे सडे टिपणाऱ्यांनाही हे लागू पडते. ठरावीक जागेवरून, ठरावीक दिशेने, निरनिराळ्या ऋतूंत चित्र घ्यावे. एखादे झाड किंवा विजेचा खांब चौकटीत कायम ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षीचे चित्र जुन्याशी ताडून पाहता येते. तारीख आणि ठिकाण वेगळे लिहून ठेवावे. मूळ फाइल तर जपावीच. समाजमाध्यमांवरून फिरून आलेल्या प्रतीतून हे तपशील बहुधा गळून पडलेले असतात.