मुलांच्या हातातला फोन: शाळेकडे काय मागायचे?

इस्लापूर भागातल्या वस्त्यांमध्ये आरोग्याची बैठक घेतली की बीपी-शुगरच्या आधी आया मोबाईलचाच विषय काढतात. पोरगं रात्री एकपर्यंत फोन सोडत नाही, पोरीला फोन द्यावा की नाही, रिचार्ज कशात संपतो कळत नाही. बऱ्याच घरांत कर्ता माणूस हैदराबादला नाहीतर पुण्याला कामावर असतो आणि घरात एकच स्मार्टफोन असतो. त्यातलं सगळ्यात जास्त कुणाला कळतं? सातवीतल्या पोराला. आईला व्हिडिओ कॉल उचलता येतो, सेटिंग उघडता येत नाही. म्हणजे घरात फोन नीट वापरायला शिकवणारं कुणी नाही. शाळेत शिकवलं जाईल याचीही खात्री नाही.

यावर महाराष्ट्रातल्या काही गावांनी आपापल्या परीने उपाय केले. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की घराघरातला टीव्ही आणि मोबाईल बंद करायचा, ८.३० ला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेपायी फोन मुलांच्या हाती आला तो सुटेना, म्हणून गावाने हा निर्णय घेतला. त्याच वर्षी पैनगंगेपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बान्सी गावाने १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरायला बंदी करण्याचा ठराव केला.

मला यातला भोंगा आवडतो, बंदी पटत नाही. भोंग्याच्या वेळी मोठी माणसंही फोन ठेवतात, मुलांना ते दिसतं. बंदीत तेवढं पोरगं लपून फोन बघायला शिकतं. पण दीड तास संपल्यावर फोन परत हातात येतो. त्यात आलेलं खरं की खोटं, अनोळखी माणसाने फोटो मागितला तर काय करायचं, हे भोंगा सांगत नाही. ते शिकवावंच लागतं.

न शिकवल्याची किंमत केवढी असते? १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षुकीवर पोट असलेली पाच माणसं तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या भागात आधीच फिरत होते. जमावाला संशय आला आणि पाचही जणांना ठेचून मारलं. त्यांतले बहुतेक सोलापूरच्या मंगळवेढा तालुक्यातले. पोटासाठी गावोगाव फिरणारी, गरीब, कुणाची ओळख नसलेली माणसं. अफवा फिरते तेव्हा तिचा पहिला बळी असाच माणूस जातो, हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

त्या वर्षी देशभर फिरलेली एक क्लिप पाकिस्तानातल्या कराचीची होती. ती मुळात मुलांच्या सुरक्षेसाठी काढलेली जाहिरात. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलून नेतात आणि शेवटी परत आणून सोडतात. शेवटचा भाग कापला आणि उरलेलं 'मुलं पळवणारे आले' म्हणून पाठवलं. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०१९ पासून फार फिरलेल्या मेसेजवर दोन बाण दिसतात. किती जणांना माहीत आहे त्या दोन बाणांचा अर्थ? पाठवणाऱ्याने तो मेसेज लिहिलेला नाही, तो कित्येक हातांतून आलाय, एवढाच. मामाने पाठवला म्हणून खरा, असं होत नाही. मामाला तो कुणी पाठवला हे मामालाही सांगता येणार नाही.

हे शाळेत शिकवता येतं. केरळमधल्या कन्नूर जिल्ह्यात २०१८ मध्ये सुमारे १५० सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे तास घेतले गेले. कार्यक्रमाचं नाव सत्यमेव जयते. त्यामागचं एक कारण आम्हा नर्स मंडळींच्या ओळखीचं आहे: गोवर-रुबेला लसीबद्दलच्या अफवा. आपल्याकडे ती मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ ला शाळांमधूनच सुरू झाली. लस द्यायच्या दिवशी पोराला घरी ठेवणाऱ्या आया तेव्हा मीही पाहिल्यात. 'फोनवर आलंय' एवढंच त्यांचं कारण असायचं.

असा तास घ्यायला संगणक कक्ष लागत नाही, फळ्यावरही होतो. पैनगंगेला पूर आला की सहस्रकुंडाची जुनी क्लिप 'आत्ताची' म्हणून फिरू शकते. गुरुजींनी मुलांना विचारावं: तारीख कुठे आहे? कुणी काढली? तिथे राहणाऱ्या कुणाला फोन करून विचारता येईल का? फोटो गुगल लेन्सवर टाकला तर तो आधी कुठे कुठे आलाय ते दिसतं, ते सहावीचं पोर दोन मिनिटांत शिकतं आणि घरी जाऊन आजोबांनाही शिकवतं.

आता त्याहून नाजूक गोष्ट, जी आया बैठक संपल्यावर कानात सांगतात. मुलगी जेवत नाही, डोकं दुखतं म्हणते, शाळेत जायला नको म्हणते. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ठीक. मग हळूहळू कळतं की इन्स्टाग्रामवर कुणाशी तरी ओळख झाली, फोटो गेला, आता तो माणूस आणखी फोटो नाहीतर पैसे मागतोय. कधी फोटो तिने पाठवलेलाही नसतो, चेहरा दुसऱ्याच शरीराला जोडलेला असतो. मुलगी सांगत का नाही? सांगितलं तर फोन जाईल, शाळा सुटेल, लग्न लावून देतील, ही तिची भीती. आणि ती भीती खोटी नाही. म्हणून मुलीला आधी एवढं सांगून ठेवा, काही झालं तर आम्हाला सांग, शाळा बंद होणार नाही. हे एक वाक्य कितीतरी औषधांपेक्षा कामाचं आहे.

असं घडलं तर पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढते. रागात चॅट पुसून टाकू नका, तोच पुरावा आहे. नंबर, प्रोफाइल, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा, मग ब्लॉक करा. मात्र मुलीचा तसा फोटो दाखवायला म्हणूनही दुसऱ्या कुणाला पाठवू नका. सायबर तक्रारीसाठी १९३० आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर आहेत. मूल फार खचलं असेल, मरणाची भाषा करत असेल, तर १४४१६ वर टेली-मानसचा समुपदेशक मोफत बोलतो. तोवर मुलाला एकटं सोडू नका.

पोलीस ठाण्याची भीती वाटते, मला कळतं. पण २०१२ च्या पोक्सो कायद्यात मुलांसाठी सोयी आहेत. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही, त्याची ओळख उघड करता येत नाही. आणि असा गुन्हा माहीत असूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. त्यामुळे 'बदनामी नको, इथेच मिटवा' असं शाळेला म्हणता येत नाही.

मुलांनाही हा कायदा सांगा. १८ वर्षांखालील मुलीचा अश्लील फोटो गंमत म्हणून पुढे ढकलणाऱ्या पोरावरही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा होतो. पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आपली पोरं अशा केसमध्ये अडकली की त्यांना सोडवायला वकील आणि पैसा कुठून येतो, ते वस्तीला ठाऊक आहे.

वर्गाच्या ग्रुपवर जातीवरून टोमणे आले, तर मुलं स्टेटसला उत्तर स्टेटसने देतात आणि भांडण चौकात येतं. तिथेही आधी स्क्रीनशॉट, मग मोठी माणसं, मग तक्रार. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये इंटरनेटवरचा जातीय अपमानही ॲट्रॉसिटी कायद्यात येऊ शकतो असं म्हटलं आहे.

झोपेबद्दल थोडक्यात. १३ ते १८ वयाला रात्री ८ ते १० तास झोप लागते. फोन उशीखाली असला की ती मिळत नाही. रात्री फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात लावा, बापाचाही.

आता शाळेकडे कसं मागायचं? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि निम्म्या महिला असायला हव्यात. वंचित घटकांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. आपल्या वस्तीतून त्या समितीत कोण आहे ते आधी विचारा. कुणी नुसती सहीपुरती असेल, तर तिच्यासोबत दोघीतिघी जा. अर्जात लिहा: पाचवीपासून पुढच्या वर्गांना महिन्यातून दोन तास मोबाईल वापराचे, मुलींनी तक्रार कुणाकडे करायची त्या शिक्षिकेचं नाव फळ्यावर, १०९८ आणि १९३० शाळेच्या भिंतीवर रंगवलेले, आणि वर्षातून एक तास आयांसाठी, संध्याकाळी, मजुरीहून परतल्यावर. अर्जाची पोच घ्या आणि विषय बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.