नेत्रदंडातील ग्रंथी : मराठवाड्यातील संशोधनाचा मागोवा

औरंगाबाद येथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात, समुद्रापासून दूरच्या या कोरडवाहू मुलखात, खेकडे व कोळंबी यांच्या ग्रंथींचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला आणि प्रा. आर. नागभूषणम् यांच्या मार्गदर्शनाखाली तो पुढे दीर्घकाळ चालला.

कवचधारी प्राण्यांच्या उपांगांमध्ये ग्रंथींची रेलचेल असते. दुसऱ्या स्पृशेच्या बुडाशी उघडणारी हरितग्रंथी उत्सर्जनाबरोबर शरीरातील क्षारांचा तोल राखते, तर कवचाखालच्या सूक्ष्म त्वचाग्रंथी बारीक नलिकांवाटे आपला स्राव पृष्ठभागावर सोडतात. संशोधकांचे लक्ष मात्र नेत्रदंडाने, म्हणजे डोळ्याच्या देठाने, अधिक वेधले. त्याला खरे उपांग मानावे की नाही याविषयी मतभेद आहेत, पण ते येथे दुय्यम आहेत. या देठातील एक्स-इंद्रिय हा संप्रेरके तयार करणाऱ्या चेतापेशींचा पुंजका असून सायनस ग्रंथी ही त्या पेशींच्या तंतूंची टोके रक्तकोटरालगत एकत्र येऊन बनलेली कोठी आहे. तिथे संप्रेरक साठते आणि तिथूनच ते रक्तात मिसळते. ही जोडणी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी पासानो, ब्लिस व वेल्श यांच्या कामातून उलगडली. त्याआधी १९४३ मध्ये पानूझ यांनी नेत्रदंड काढल्यावर कोळंबीचा अंडाशय अवेळी वाढतो असे दाखवले होते.

औरंगाबादच्या अभ्यासकांनी नेत्रदंड आणि अंडाशयवाढ यांच्या नात्याचा हाच प्रश्न स्थानिक गोड्या पाण्यातील बेरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस या खेकड्याला विचारला. नागभूषणम् आणि ए. डी. दिवाण यांचे या खेकड्याच्या अंडाशयवाढीवरील चेतासंप्रेरकांच्या नियंत्रणाविषयीचे काम १९७४ चे आहे. मॅक्रोब्रॅकियम किस्टनेन्सिस ही गोड्या पाण्यातील कोळंबीही त्यांच्या विभागात अभ्यासली गेली. रीत जुनीच होती : अवयव काढायचा, परिणाम पाहायचा आणि नंतर त्याचा अर्क टोचून तो परिणाम मागे फिरतो का, हे तपासायचे. तिची मर्यादाही उघड आहे, कारण देठ छाटला की कात टाकण्यास, प्रजननास आणि रक्तशर्करेस आवर घालणारी वा चालना देणारी सारी संप्रेरके एकदमच जातात.

नागभूषणम् व आर. सरोजिनी यांनी १९९० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या मिल्टन फिंगरमन यांच्यासोबत सेरोटोनिन जननग्रंथींच्या वाढीस चालना देते आणि डोपामिन तिला आवर घालते, हे दाखवले. दिवाण यांनी पुढे सागरी कोळंबीवर काम केले. नेत्रदंड छाटण्याच्या याच तत्त्वावर एक डोळा देठासह काढून कोळंबीची मादी पक्व करण्याची रीत अंडी उबवणी केंद्रांत रूढ झाली आणि प्राण्यांना होणाऱ्या त्रासामुळे आज ती टीकेचा विषय आहे. कात्रीने छाटता येणाऱ्या अवयवावरच मराठवाड्यातील या संशोधनपरंपरेचा भर राहिला. पायांवरील आणि मुखांगांवरील त्वचाग्रंथी मात्र त्यामानाने उपेक्षित राहिल्या, आणि त्यांचा अभ्यास बेरिटेल्फुसावर आता व्हायला हवा.