पान आहे, पण रस्ता नाही

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. गेल्या वर्षी आपल्या होस्टेलची वेबसाइट मी बनवली. दिसायला झकास! पण 'स्कॉलरशिपच्या तारखा' हे पान गूगलवर काही सापडेना. फर्स्ट इयरच्या एका मुलाची तारीख त्यामुळे हुकली. मनाला फार लागलं.

चूक माझीच होती. गूगलचा बॉट मुख्यतः एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जातो, आणि त्या पानाला मी कुठूनच लिंक दिली नव्हती. म्हणजे खोली बांधली, दार ठेवायचं विसरलो.

मग सीनियरने साइटमॅप सांगितला. साइटवरच्या पानांचे पत्ते लिहिलेली ही एक एक्सएमएल फाइल. गूगलने २००५ मध्ये ती आणली, २००६ मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्टही सामील झाले. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात, आपल्याला ४० पुरले! फाइल कुठे आहे ते रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये एका ओळीत लिहायचं. 'लास्टमॉड'मध्ये पान खरंच बदललं ती तारीख द्यायची, उगाच रोज आजची नाही. 'प्रायॉरिटी' गूगल बघतच नाही, आणि मी सगळ्या पानांना १.० देऊन बसलो होतो!

एवढं करूनही पान दिसेलच याची गॅरंटी नाही. शिवाय माणसं थोडीच एक्सएमएल वाचतात? म्हणून रेक्टर सर म्हणाले तसं 'सर्व पाने' नावाचं साधं पान केलं, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी त्याची लिंक दिली. खरं सांगू, पोरं तेच जास्त वापरतात, मेसच्या मेनूसाठी. यादीत स्कॉलरशिप मात्र मी सर्वात वर ठेवली आहे.