सरकारी दप्तर आणि गांवची चावडी

सरकार लोकांच्या पैशानें रस्ते बांधतें, विहिरी खणतें, निराधारांस निवृत्तिवेतन देतें. आणि या प्रत्येक कामाचा हिशेब कोठें तरी लिहिलेला असतो. ज्यांच्यासाठीं पैसा खर्च झाला, त्यांस तो हिशेब पाहतां यावा कीं नाहीं? प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु आपल्या देशांत त्याचें उत्तर मिळण्यास बरींच वर्षें लागलीं, आणि तें मिळविण्यांत राजस्थानांतील गरीब मजुरांचा वांटा फार मोठा आहे.

त्या प्रांतांत दुष्काळी कामांवर मजूर दिवसभर राबत. तरी ठरलेली किमान मजुरी त्यांच्या हातीं पुरती पडत नसे. कारण विचारावें, तर काम कमी भरलें असें हजेरीपटांत लिहिलें आहे, हें उत्तर मिळे. बरें, तो हजेरीपट दाखवा म्हणावें, तर तो म्हणे सरकारी गुप्त कागद! १९९० सालीं तेथें ‘मजदूर किसान शक्ति संघटन’ ही संस्था निघाली. भारतीय प्रशासन सेवेंतील नोकरी सोडून खेड्यांत राहावयास गेलेल्या श्रीमती अरुणा रॉय या तिच्या संस्थापकांपैकीं एक होत. या संस्थेनें १९९४ च्या डिसेंबरांत पाली जिल्ह्यांतील कोटकिराना या गांवीं पहिली जनसुनावणी भरविली. रीत अगदीं सोपी होती. मिळतील ते हजेरीपट व बिलें भर सभेंत मोठ्यानें वाचावयाचीं, आणि ज्याचें नांव निघेल त्यानें उठून खरें काय तें सांगावयाचें. पुढें गांवोगांव अशा सुनावण्या झाल्या, आणि त्यांतून काय काय बाहेर पडलें! मेलेल्या माणसांच्या नांवें मजुरी उचललेली. गांव सोडून गेलेले लोक कागदावर माती वाहत असलेले. न झालेल्या बांधकामांचे पैसे चुकते झालेले.

येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावी. अमुक जिल्ह्यांत अमुक लक्ष रुपये मजुरीवर खर्च झाले, असा एकंदर आंकडा छापला, तर तो खोटा आहे असें म्हणण्याचें सामर्थ्य कोणांत आहे? विद्वान् लोक त्यावर प्रबंध लिहितील. परंतु त्याच आंकड्याचे तुकडे करून, गांव, नांव, दिवस व रुपये अशा ओळी मांडल्या, म्हणजे निरक्षर म्हातारीही ऐकून सांगूं शकते, “हा तर माझा दीर, आणि याला जाऊन चार वर्षें झालीं!” भारत सरकारनें २०१२ सालीं आपले आंकडे सर्वांस खुले करण्याचें धोरण आंखलें व त्याकरितां स्वतंत्र संकेतस्थळ काढलें. तें उपयुक्त खरेंच. पण तेथील बहुतेक आंकडे एकंदरीचे आहेत, आणि खेडुताच्या कामाचा आंकडा त्याच्या नांवापर्यंत पोहोंचलेला असावा लागतो.

१९९६ सालीं ब्यावर येथें या मागणीसाठीं चाळीस दिवस धरणें चाललें. २००० सालीं राजस्थानानें माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. आपल्या महाराष्ट्रांतही अण्णा हजारे यांनीं या प्रश्नावर आंदोलन उभारलें आणि २००२ चा कायदा आला. पुढें १२ ऑक्टोबर २००५ पासून सबंध देशाचा कायदा अमलांत आला. या कायद्यान्वयें अर्ज केला असतां सामान्यतः तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. आतां, रेशनच्या दुकानांत या महिन्याचें धान्य आलें कीं नाहीं, हें तीस दिवसांनीं कळून काय उपयोग? धान्य तोंवर भलतीकडेच गेलेलें असावयाचें. म्हणूनच कायद्याच्या चौथ्या कलमांत, लोकांस अर्ज करण्याची गरजच कमींत कमी पडावी इतकी माहिती सरकारनें आपण होऊन प्रसिद्ध करावी, असें सांगितलें आहे. दुर्दैवानें बहुतेक कचेऱ्यांनीं या कलमाकडे पाठ फिरविली.

राजस्थान सरकारनें मात्र १३ सप्टेंबर २०१९ रोजीं ‘जन सूचना पोर्टल’ उघडलें. कोणती माहिती लोकांस हवी, तिची मांडणी कशी असावी, याविषयीं अधिकारी व लोकसंस्था एकत्र बसून बोलत असत. माझ्या मतें संगणकाहून या बैठकांचें मोल अधिक आहे. तेथें आपलें नांवगांव न नोंदवितां कोणासही जिल्हा, मग तालुका, मग पंचायत असें निवडीत जातां येईल, व कोणत्या शिधापत्रिकेवर किती धान्य उचललें गेलें, निवृत्तिवेतन कोणास मिळतें, हें पाहतां येईल अशी योजना केली. ज्यांच्याजवळ साधन नाहीं त्यांच्यासाठीं ‘ई-मित्र’ केंद्रें होतीं, आणि तक्रार सांगण्यासाठीं १८१ हा दूरध्वनि क्रमांक.

उणिवाही आहेत. ज्यास वाचतां येत नाहीं त्यास दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागतें. शिवाय यंत्रांत चुकीची नोंद झाली, तर ती कागदावरील चुकीहून हट्टी असते. जिवंत माणसाची नोंद ‘मृत’ अशी झाली कीं त्याचें वेतन थांबतें, आणि आपण जिवंत आहों हें त्यासच सिद्ध करावें लागतें.

याहून कठीण प्रश्न नांवांचा आहे. कोणास किती मदत मिळते हें चारचौघांत कळावें, हें प्रत्येकास रुचेलच असें नाहीं. आणि आपली खासगी माहिती जगापुढें येऊं नये ही अपेक्षा रास्त आहे. २०२३ सालीं संसदेनें वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा जो कायदा केला, त्यांत माहितीच्या अधिकारांतील एक पोटकलम बदलण्याची तरतूद आहे. पूर्वीं व्यक्तिगत माहिती नाकारण्यास त्या पोटकलमांतच कांहीं अटी होत्या. नव्या शब्दांत त्या गाळल्या आहेत. व्यापक लोकहितासाठीं माहिती देण्याची मुभा दुसऱ्या एका कलमांत अद्यापि आहे, असें सरकारचें म्हणणें. परंतु ती मुभा वापरावयाची कीं नाहीं हें ठरवावयाचें कचेरीनेंच. आणि हजेरीपटांतील नांवाची ओळ झांकली, तर उरणारी बेरीज वाचून कोटकिरानाच्या सभेंत कोणीही उठून उभें राहिलें नसतें.