आधी टॉर्च, मग फवारा

पंचतंत्रात मंदविसर्पिणी नावाच्या उवेची गोष्ट आहे. राजाच्या पलंगावर सुखानं राहणाऱ्या या उवेकडे अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा म्हणून येतो. राजाला गाढ झोप लागेपर्यंत थांब, असं बजावूनही त्याला दम निघत नाही. तो कडकडून चावतो, राजा ताडकन उठतो, नोकर शोधाशोध करू लागतात. तेवढ्यात ढेकूण पलंगाच्या फटीत शिरतो आणि बिचारी ऊ हकनाक मारली जाते. गोष्ट रचणाऱ्याला ढेकणाची रीत पक्की ठाऊक होती. चावायचं माणसाला, राहायचं फटीत. आजही घरोघरी औषध मारलं जातं ते गादीच्या वरच्या बाजूवर, आणि ढेकूण सांध्यात सुखरूप राहतात.

म्हणून पहिलं काम शोधण्याचं. पूर्ण वाढलेला ढेकूण 4 ते 7 मिलिमीटरचा, चपटा, तांबूस तपकिरी आणि बिनपंखी असतो. रक्त पिऊन टम्म फुगला की लांबट आणि गडद लाल दिसतो. पिल्लं इतकी फिकट असतात की पांढऱ्या चादरीवर नजरेला सापडत नाहीत. अंडी जेमतेम मिलिमीटरभर, लाकडाला किंवा कापडाला चिकटवलेली.

अंगावरच्या गांध्यांवर मात्र भिस्त ठेवू नये. डास, पिसवा, खरूज, साधी अॅलर्जी, सगळ्यांचे चट्टे कमीअधिक सारखेच दिसतात. एका पलंगावर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाच्या हातावर रांगेनं गांध्या उठतात आणि दुसरा सकाळी ताजातवाना उठतो. त्यालाही ढेकूण चावलेले असू शकतात, त्याच्या त्वचेनं दाद दिलेली नसते इतकंच.

भरवशाची खूण म्हणजे काळे बारीक ठिपके. ती ढेकणांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. ओल्या फडक्यानं पुसलं की तपकिरी फराटा उठतो. त्याच्या आसपास टाकलेली कात आणि चादरीवर रक्ताचे टिपके सापडतात. रात्री टॉर्च आणि जुनं एटीएम कार्ड घेऊन गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे, स्क्रूची भोकं, बॉक्सबेडच्या बिजागऱ्या, खाटेची नवार, सोफ्याच्या तळाचं कापड, भिंतीवरच्या फोटोंची मागची बाजू असं एकेक तपासावं. फटीतून कार्ड फिरवलं की लपलेले ढेकूण बाहेर येतात.

एखाददुसराच दिसला म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. मादी दिवसाला 1 ते 5 अंडी घालते आणि उबदार हवेत ती साधारण 6 ते 10 दिवसांत फुटतात. पिल्लू पाच वेळा कात टाकतं आणि दर वेळी आधी त्याला रक्त लागतं. पोट भरायला पाच-दहा मिनिटं पुरतात. उलट उपाशीपोटी ढेकूण कित्येक महिने तग धरतो. त्यामुळे घराला कुलूप लावून महिनाभर गावी गेल्यानं काही साधत नाही. हॉलमध्ये झोपायला गेलं तर ढेकूण तिकडेही पोचतात. ढेकणांमुळे कुठला रोग पसरतो असं सिद्ध झालेलं नाही. झोपमोड आणि खाजवून चिघळलेली जखम हा खरा त्रास.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीनं ढेकणांचा निकाल लागेल अशी आशा होती. पण 1947 मध्येच हवाईतल्या पर्ल हार्बर इथे डीडीटीला न जुमानणारे ढेकूण आढळले. पुढे पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांचंही तेच झालं. बाजारातले बरेच घरगुती स्प्रे याच गटातले आहेत. फ्रान्सच्या आरोग्य सुरक्षा संस्थेच्या 2023 च्या अहवालानुसार 2017 ते 2022 या काळात तिथल्या 11 टक्के घरांना ढेकणांचा उपद्रव झाला होता. हा केवळ गरिबीचा किंवा अस्वच्छतेचा प्रश्न नाही. पसाऱ्यामुळे लपायला जागा वाढतात हे मात्र खरं.

उष्णतेपुढे मात्र ढेकणाचं काही चालत नाही. 55 अंश सेल्सिअसला ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. चादरी, अभ्रे, मच्छरदाणी 60 अंशांच्या पाण्यात धुवावी. लोखंडी कॉटच्या सांध्यांवर उकळतं पाणी ओतण्याची जुनी पद्धत म्हणूनच योग्य आहे. गादी नुसती उन्हात टाकल्यानं वरचा कपडा तापतो आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. शिवणींवरून वाफेचं यंत्र सावकाश फिरवणं त्याहून उपयोगी.

पलंग भिंतीपासून ओढून त्याच्या पायांखाली वाट्या ठेवाव्यात, मुंग्या लागू नयेत म्हणून फडताळाखाली ठेवत तशा. परदेशात यासाठी गुळगुळीत प्लॅस्टिकचे सापळे मिळतात. पण उष्ण प्रदेशातल्या ढेकणाच्या पायांना जास्त लव असते आणि तो गुळगुळीत भिंतही चढून जातो. आपल्याकडे वाटीत साबणाचं पाणी हवंच.

उपद्रव वाढला असेल तर परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवावं. अंड्यांवर बहुतेक औषधं पुरती चालत नाहीत, म्हणून दहा-पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी ठरवूनच घ्यावी. खोलीभर धूर सोडणारे डबे फटीत पोचत नाहीत. धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात आणूच नयेत. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू भिंतीपलीकडेही जातो. संयुक्त अरब अमिरातीत शेजारच्या फ्लॅटमध्ये अशा गोळ्या वापरल्यामुळे लहान मुलं दगावल्याच्या घटना घडल्या आहेत.

चाळीत किंवा सोसायटीत एकाच घराचा बंदोबस्त सहसा पुरत नाही. विजेच्या पाइपांतून आणि भिंतीच्या भेगांतून ढेकूण शेजारी जातात आणि तिथून परत येतात. लाजेपोटी गप्प राहिलं की खर्च दोन्ही घरांचा वाढतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या आणि वरखालच्या घरांना सांगून एकाच दिवशी फवारणी करावी. पलंग टाकूनच द्यायचा असेल तर तो जिन्याखाली सोडू नये. कुणीतरी तो उचलून घरी नेतोच. सांधे मोडून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणि वर ‘ढेकूण आहेत’ अशी चिठ्ठी लावूनच तो कचऱ्याच्या गाडीत द्यावा.